पत, खत आणि घर

“काका, तुमचा सिबिल खराब आहे.”

२०१९ सालची गोष्ट. नगरमधल्या एका बँकेत गृहकर्जाचा अर्ज घेऊन मी बसलो होतो. समोरची अधिकारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने अगदी हलक्या आवाजात सांगितले, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलेच. मी एका शाळेत लिपिक. बी.ए. झालेला, थोडीफार कविता लिहिणारा. किराणा दुकानात एक दिवसाची उधारी राहिली तरी मला झोप येत नाही. आणि तीनशे ते नऊशेच्या मोजपट्टीवर माझी पत भरली होती सहाशे अकरा. बँकेला साडेसातशेच्या आसपास हवी होती.

झाले होते ते असे. २०१२ मध्ये माझ्या खालाच्या मुलाने, म्हणजे मावसभावाने, कर्ज काढून टेम्पो घेतला. जामीन कोण? मी. नातेवाइकाला जामीन राहायला आपल्याकडे कोणी विचार करत नाही. चहा येतो, कागद पुढे येतात, जिथे पेन्सिलीची फुली असते तिथे आपण सही करतो. पुढच्याच वर्षी दुष्काळाने आपल्या जिल्ह्याचे कंबरडे मोडले. भाजीच नाही तर भाजीचा टेम्पो कुठून फिरणार? हप्ते थकले. शेवटी भावाने कंपनीशी तडजोड केली, एक लाख दहा हजारांऐवजी सत्तर हजार भरून सुटला. आम्ही दोघांनी पेढे खाल्ले. त्या तडजोडीची नोंद ‘सेटल्ड’ अशा शब्दाने त्याच्या नावावर झाली आणि माझ्याही, हे पाच वर्षे मला ठाऊक नव्हते. ‘सेटल्ड’ म्हणजे मिटले, असेच इंग्रजी शिकलेला कोणीही समजेल. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’.

त्या दिवशी घरी आलो तो एका विचित्र रागाने. पैसे गेल्याचा राग नव्हता. माझ्याविषयी कुठेतरी एक वही लिहिली जात होती आणि ती मी कधी पाहिली नव्हती, याचा राग होता. त्या रागातच मी वाचनालयात जाऊन जुनी गॅझेटियरे आणि इतिहासाची पुस्तके चाळू लागलो. कारण शाळेत असताना एक ओळ वाचलेली आठवत होती : १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ती ओळ परीक्षेला दोन गुणांसाठी येत असे.

त्या दंग्यांची सुरुवात एका घरापासून झाली, हे मात्र मला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

करडे हे गाव शिरूर तालुक्यात आहे. जिल्हा पुणे, पण घोडनदी ओलांडली की आपला नगर जिल्हा. तिथे बाबासाहेब देशमुख नावाचे एक जुन्या घराण्यातले गृहस्थ होते. कालूराम या सावकाराने त्यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या आसपासचा हुकूमनामा मिळवला. १८७४ च्या डिसेंबरात देशमुखांची मालमत्ता लिलावात निघाली, घर सावकाराकडे गेले आणि त्याने ते पाडायला काढले. जमीन जाणे गावाने अनेकदा पाहिले होते. जमीन गेली तरी तोच माणूस त्याच जमिनीत कूळ म्हणून राबत असे, वरवर काही बदललेले दिसत नसे. पण भर गावात देशमुखाच्या वाड्याचे वासे उतरू लागले तेव्हा प्रत्येकाने आपल्या आढ्याकडे पाहिले असणार. करड्याने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कोणी करेना, पाणी भरेना, न्हावी दाढी करेना. शेवटी पोलिसांच्या संरक्षणात सावकार शिरूरला निघून गेले. एका गावाचे पाहून दुसऱ्या गावाने तसेच ठराव केले.

पुढच्या उन्हाळ्यात, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारच्या दिवशी दंगा पेटला. (हे सुपे पारनेर तालुक्यातले, आपले एमआयडीसीचे नव्हे. हे भीमथडीतले, आता बारामती तालुक्यात येते.) तिथून तो आपल्याकडे पसरला : श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली, त्यांत आपल्या जिल्ह्यातली ३९२. शिक्षा झाली ती ५०१ जणांना.

या दंग्यांतली एक गोष्ट त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही चमत्कारिक वाटली. जमाव सावकाराच्या दारी जाई आणि मागे काय, तर खते. आज ‘खत’ म्हटले की शेतकऱ्याला युरियाची गोणी आठवते. आमच्या घरात खत म्हणजे पत्र. त्या काळी खत म्हणजे कर्जखत, कर्जाचा स्टँपाचा कागद. सावकाराने मुकाट्याने खते काढून दिली तर बहुतेक ठिकाणी त्याला हात लागत नसे. खते जाळली किंवा फाडली की लोक घरी जात. दिली नाहीत तर मारहाण, गंज्या पेटवणे, घर फोडणे. म्हणजे माणसांना धान्याच्या कोठीपेक्षा आणि पैशाच्या पेटीपेक्षा कागद मोठा वाटत होता.

का वाटावा? तो कागद त्यांना वाचता येत नव्हता म्हणून. खताच्या तळाशी कुणब्याची सही नसे, ‘निशाणी नांगर’ असे. मजकूर सावकाराचा, हिशेब सावकाराचा, अक्षर त्याच्या कारकुनाचे. शेतकऱ्याचा फक्त नांगर. त्यातच १८५९ साली मुदतीचा कायदा आला. तीन वर्षांत दावा लावला नाही तर साध्या खताचे कर्ज बुडाले, असा त्याचा अर्थ. हेतू कर्जदाराला वाचवण्याचाच होता. झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवे खत करून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवून. शंभराचे खत असे दोनदा-तीनदा नवे झाले की मूळचे शंभर कधी, कशासाठी घेतले, हे घेणाऱ्यालाही आठवत नसे. प्रत्येक नव्या खताने जुना इतिहास पुसला जाई आणि फक्त आकडा उरे. माझ्या सहाशे अकराची मला इथे आठवण झाली.

इतर कारणेही होती. अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते ६५ या काळात तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, लोकांनी ती घेतली. युद्ध संपले, भाव पडले. १८६७ पासून पुणे जिल्ह्यात फेरआकारणी होऊन शेतसाराही चढला. सारा रोखीने भरायचा. रोकड कोणाजवळ, तर सावकाराजवळ. त्यामुळे सावकाराला एकट्याला राक्षस ठरवणे सोपे असले तरी खरे नाही. सरकार सारा वसूल करीत होते, न्यायालय हुकूमनामे देत होते, आणि या दोघांच्या मधल्या फटीत बसून सावकार धंदा करीत होता.

या संदर्भात एक तपशील मला फार काळ छळत राहिला. हिंदू धर्मशास्त्रात दामदुप्पट नावाचा नियम आहे : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. १८५५ मध्ये सरकारने व्याजावरची बंधने उठवली तरी मुंबई इलाख्यातली न्यायालये हा नियम पाळत, पण कर्ज घेणारा हिंदू असला तरच. म्हणजे ज्याच्या धर्माने व्याज मुळातच वर्ज्य ठरवले आहे, त्या मुसलमान कुळाच्या व्याजाला कायद्याचे झाकणच नव्हते! कायदा करणाऱ्यांनी याचा विचार कधी केला असेल असे वाटत नाही.

दंगे शमल्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ केला. सुरुवातीला तो चारच जिल्ह्यांना लागू झाला : पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला अहमदनगर. (२०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, बोलताना आम्ही तेव्हाही नगर म्हणत होतो, आजही म्हणतो.) या कायद्याविषयी पुस्तकांत एकदोन वाक्येच असतात. पण मला त्यातली कलमे वाचताना कादंबरी वाचल्यासारखे झाले. न्यायाधीशाने फक्त खतावरचा आकडा पाहायचा नाही, खताच्या मागे जायचे. व्यवहार कधी सुरू झाला, हातात खरी रक्कम किती पडली, परत किती केली, हे अगदी पहिल्या दिवसापासून उकलायचे, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. हप्ते बांधून द्यायचे. खते गावच्या निबंधकासमोर लिहायची. आणि शेवटी तीन साध्या गोष्टी : पैसे भरले की पावती मागण्याचा हक्क, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क, आणि पासबुकाचा हक्क.

कायद्याने सगळे आलबेल झाले असे नाही. सावकारांनी पळवाट काढलीच. कर्जखताऐवजी सरळ जमिनीचे खरेदीखत लिहून घ्यायचे आणि तोंडी सांगायचे, पैसे दिलेस की परत करीन. ते तोंडी वचन कितीदा पाळले गेले असेल? आजही असे प्रकार चालतात. म्हणूनच २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात, सावकारीतून अशी गेलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी निबंधकाकडे दाद मागण्याची सोय करावी लागली. करड्याच्या घराचे म्हणाल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९०८ च्या कायद्यात साठावे कलम आहे. शेतकऱ्याचे राहते घर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही, असे ते सांगते. घर स्वतःहून गहाण टाकले असेल, तर गोष्ट वेगळी.

वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा. हे वाचले तेव्हा मला अब्बांची वही आठवली. अब्बांचे कापड बाजारामागच्या बोळात शिंप्याचे छोटे दुकान होते. उधारीची एक वही असे. पण तिच्यात नोंद करताना ते गिऱ्हाइकाला जवळ बोलावत आणि म्हणत, तुम्ही सांगा, मी लिहितो. मला लहानपणी वाटायचे, अब्बांना आकडे आठवत नाहीत. मोठेपणी कळले. कुराणातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याविषयीच आहे. कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे ती सांगते, आणि मजकूर कोणी सांगायचा, तर ज्याच्यावर देणे आहे त्याने. निशाणी नांगराच्या बरोबर उलट! एखादे गरीब गिऱ्हाईक वारले की अब्बा त्याच्या नावावर आडवी रेघ मारून पान मुडपून ठेवत. त्या पानाविषयी घरात कोणी विचारायचे नाही.

व्याजाने घर घ्यावे की नाही यावर आमच्या घरात वाद झाला, हेही सांगून टाकतो. मौलवींची मते निरनिराळी आहेत. माझे म्हणाल तर, तेवीस वर्षांत पाच भाड्याच्या खोल्या बदलल्यावर, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर खोली ‘कालच गेली’ असे ऐकल्यावर, मी माझ्यापुरता निर्णय घेतला. तो बरोबरच आहे असा माझा दावा नाही.

असो. दंग्यानंतरच्या पिढीने दुसरा रस्ता धरला. एकट्या शेतकऱ्याला पत नाही, पण गावाला मिळून असू शकते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थेच्या सभासदांची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. म्हणजे एकाने बुडवले तर सगळ्यांनी भरायचे, सारे गाव एकमेकांना जामीन! विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुकला अशीच पतपेढी काढली. पुढे धनंजयराव गाडगीळांच्या साथीने १९५० मध्ये प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, तो या पतपेढीत शिकलेल्या विश्वासावर. ज्यांचे आजे-पणजे खते जाळायला निघाले होते, त्यांच्याच मुलुखात हे घडले. पुढे सहकारात काय काय झाले ते नगरकरांना मी सांगायची गरज नाही. २०२३ च्या ४ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, त्या दिवशी शहरात लोक एकमेकांशी कसे दबक्या आवाजात बोलत होते ते मी पाहिले आहे. पत बँकेचीही जाते.

आता सिबिल. ही संस्था २००० साली स्थापन झाली. २००५ मध्ये संसदेने पत-माहिती कंपन्यांसाठी कायदा केला, आज अशा चार कंपन्या आहेत. आपण कोणत्या बँकेकडून काय घेतले, हप्ता कधी चुकला, कोणाला जामीन राहिलो, सारे तिथे जमा होते. नवी सावकाराची वही म्हणा. पण एक फरक आहे आणि तो लोकांना माहीत नाही म्हणून मी हे सारे सांगत बसलो आहे. ही वही मागता येते. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१६ मध्ये निघाला. नोंद चुकीची असेल तर दुरुस्ती मागता येते, आणि तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. २०२४ च्या एप्रिलपासून तर विलंब झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. १८७९ च्या त्या कलमांशी याचे नाते मला दिसते. रिझर्व्ह बँकेतल्या कोणाला ते दिसले असेल की नाही, कोण जाणे.

माझी दुरुस्ती मात्र अशी सरळ नव्हती, कारण माझी नोंद खोटी नव्हती. चाळीस हजार सोडून दिले गेले होते हे खरेच होते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हेही खरे. तेव्हा उपाय एकच. कंपनीच्या कचेरीत गेलो आणि म्हणालो, सोडलेले चाळीस हजार मी भरतो. तिथल्या माणसाने मला दोनदा विचारले, “भरता? का?” सुटलेले कर्ज परत भरायला आलेला माणूस त्याने बहुधा प्रथमच पाहिला असावा. भाऊ ओशाळून म्हणाला, “भाई, मेरे वास्ते तुमारा घर अटक्या.” त्याने पंधरा हजार आणून दिले, बाकीचे मी घातले.

पैसे भरले, बेबाकीचा दाखला घेतला. तीन महिन्यांनी अहवाल मागवला तर नोंद तशीच. तक्रार केली. उत्तर आले की कंपनीने माहिती दुजोरा देऊन कायम ठेवली आहे. पुन्हा कचेरी, पुन्हा दाखल्याची प्रत, पुन्हा तक्रार. मध्ये कोरोना आला, कचेरीच बंद. दुसऱ्यांदा मात्र ‘सेटल्ड’ जाऊन ‘क्लोज्ड’ झाले. एका शब्दासाठी एवढी वणवण मी कवितेतही केलेली नाही. त्यानंतरही पत लगेच चढत नाही. अहवालात मागच्या छत्तीस महिन्यांचे हप्ते ओळीने दिसतात, ते चांगल्या हप्त्यांनी भरत जावे लागतात. मी एक छोटा फ्रिज हप्त्यांवर घेतला, गरज नसताना, आणि प्रत्येक हप्ता तारखेच्या आधी भरला. पत दुरुस्त करून देतो म्हणून पैसे मागणारे दोघे भेटले. त्यांना मी चहा पाजून परत पाठवले. नोंद फक्त कर्ज देणारी संस्था बदलू शकते, एजंट नाही.

२०२२ मध्ये कर्ज मंजूर झाले. माझी निवृत्ती जवळ, म्हणून मुलगा सहकर्जदार. मुकुंदनगरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी. खरेदीखत बँकेच्या तिजोरीत आहे, आमच्याकडे त्याची झेरॉक्स.

गेल्या वर्षी त्याच मावसभावाच्या मुलीला नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज हवे होते. जामीनदार पाहिजे होता. तो स्वतः आला नाही, मुलीला पाठवले. मी कागद दोन दिवस घरी ठेवून घेतले, सगळी पाने वाचली, न समजलेल्या चार ओळी बँकेत जाऊन विचारून आलो आणि सही केली. शिकत असताना फक्त व्याज भरायचे आहे. भरले की ती मला पावतीचा फोटो पाठवते.